दस्तगीर मणेरांचा कसीदा

बुद्धभूषण गुरुजींनी आयुष्यात एकदाच गाडी पाण्यात घातली, पण ती इतकी नेमकी घातली, की अंथुर्ण्याच्या लोकांनी पुढं त्या जागेला ‘गुरुजींचा पाट’ असं नाव देऊन टाकलं. गाडी एम-एटी, घेऊन सतरा दिवस झालेली. साल पंचाण्णव. आषाढ संपत आलेला, पंचमी आठवड्यावर, आणि कालव्याला नुकतंच पाणी सुटलेलं. मागं बसले होते दस्तगीर मणेर, म्हणजे गावाचे दस्तगीरचाचा. अंथुर्णे आणि वरकुट्याच्या तीन पिढ्यांच्या मनगटांत यांनीच बांगड्या भरलेल्या. मांडीवर बांगड्यांची पेटी, खांद्याला कापडी पिशवी, आणि पिशवीत एक वही.

गुरुजींना गाडी चालवता येत होती आणि गप्पाही मारता येत होत्या. दोन्ही एकदम येत नव्हतं. पण हे त्यांना अजून कुणी सांगितलं नव्हतं. चाचा मागं बसून आपल्या नादात काहीतरी अरबी गुणगुणत होते. गुरुजींना ते ऐकून ऐकून ओळखीचं झालं होतं, कळलं मात्र कधी नव्हतं. शिक्षकाला न कळलेली गोष्ट फार वेळ पोटात ठेवता येत नाही. त्यांनी मान पूर्ण मागं वळवली.

"चाचा, या ओळीचा अर्थ काय हो?"

"म्होरं बघा, गुर्जी."

हाच त्या ओळीचा अर्थ असावा असं गुरुजींना क्षणभर वाटलं. तेवढा क्षण पुरला. गाडी रस्ता सोडून बांधावर, बांधावरून पाटात, आणि गुरुजी गाडीच्या पुढं चार हात, अशी मंडळी विसावली. चाचांनी उडी मारताना पेटी डोक्यावर धरली होती. साठीच्या माणसानं कमरेइतक्या पाण्यात, डोक्यावर पेटी घेऊन, टोपीसुद्धा न हलवता उभं राहावं हे दृश्य बघून पलीकडच्या वावरातला भिमा खुरपं टाकून उठला. तो मदतीला आला असं गुरुजी सांगतात. तो हसायला आला होता, असं भिमा सांगतो.

"बांगड्या फुटल्या का हो?" गुरुजींनी नाकातलं पाणी काढत विचारलं.

"फुटल्या म्हनू न्हाय. दोन वाढल्या," चाचा म्हणाले. मग त्यांचा हात खांद्याकडं गेला आणि तिथंच थांबला.

पिशवी पाण्यात होती. वही बाहेर काढली तेव्हा तिच्यातून निळं पाणी गळत होतं. चाचा काठावर बसून एकेक पान उलटत गेले. सगळी पानं निळीच, आणि अक्षर एकावरही नाही. त्यांनी वही मिटली, पिळली नाही, उन्हात पसरली नाही. नुसती मांडीवर ठेवून बसले. त्यांनी ओरडून घेतलं असतं तर गुरुजींना बरं वाटलं असतं.

त्या वहीत एक कसीदा होता. कसीदा म्हणजे पैगंबरांच्या स्तुतीचं अरबी काव्य, एकावन्न कडव्यांचं. चाचांना ते त्यांच्या मामूनं शिकवलं होतं. मामू बारामतीचा, तोही बांगडीवाला. भाच्याला धंद्याला लावताना मामूनं आधी हात मऊ कसा करायचा ते शिकवलं आणि लगेच कसीदा शिकवायला घेतला. दोन्हींचा संबंध काय, असं पोरसवद्या दस्तगीरनं विचारलं, तेव्हा मामू म्हणाला होता, "परक्याची लेक, परक्याची सून, तिचा हात तू हातात घेणार. तोंडात पैगंबरांची तारीफ असली की नजर खाली ऱ्हाती, आन बोटं थरथरत न्हाईत."

चाचांनी हे आयुष्यभर पाळलं. बाई समोर बसली, हात पुढं आला, की चाचांची नजर मनगटाच्या वर जायची नाही आणि ओठ हलायला लागायचे. अंगठा आत दुमडून, बोटं एकत्र करून, बांगडी हळूहळू वर सरकायची. बाईचं लक्ष सुरात अडकलं की हात आपोआप सैल पडायचा, आणि ओळ संपताना बांगडी अंगठ्याच्या गाठीवरून पलीकडं गेलेली असायची. नाजूक हाताला लहान कडवं. राकट हाताला लांब. आणि एकदा एका हाताला एक कडवं मानवलं की वर्षानुवर्षं तेच; चाचा ते बदलत नसत.

अर्थ त्यांना ठाऊक नव्हता, आणि त्याची त्यांना खंतही नव्हती. "मामूनं सांगितलंय, ही समदी तारीफ हाय म्हनून. आता तारीफ कुटनं कुटवर हाय ते इचारत बसायचं व्हय?" असं ते म्हणत. शाळा तिसरीपर्यंत झालेली, म्हणून कसीदा त्यांनी बाळबोध अक्षरांत, शाईच्या पेनानं लिहून घेतला होता. ते साल बासष्ट. घरोघर बांगड्या भरताना वहीची गरज नसे. पण सगळी एकावन्न कडवी ओळीनं म्हणायची, तर वही लागे.

आणि या वर्षी ती ओळीनं म्हणायची होती. बारामतीच्या मोहल्ल्यात ईदे मिलादला हा कसीदा मामू म्हणत असे. मामू गेल्याला दोन वर्षं झाली. दोन्ही वर्षं मोहल्ल्यातली जाणती माणसं चाचांकडं आली, आणि दोन्ही वर्षं चाचांनी "मला कुटं जमतंय" म्हणून चहा पाजून परत पाठवली. तिसऱ्या वर्षी माणसं आली ती सांगूनच गेली, की आता नाही म्हणालात तर पुढच्या वर्षीपासून कॅसेट लावू. कुठल्या तरी भलत्याच गळ्याची, भलत्याच कसीद्याची कॅसेट. मामूचा कसीदा आणखी कुणाकडं नव्हता. चाचा हो म्हणाले. त्यानंतर चार दिवसांनी गुरुजींनी अर्थ विचारला.

"मी लिहून देतो," गुरुजी पाटातूनच म्हणाले. "तुम्ही सांगा, मी मोत्यासारख्या अक्षरात नवी वही करतो. पंधरा दिवस आहेत."

"बगू," चाचा म्हणाले.

संध्याकाळी गुरुजींच्या ओसरीवर बैठक बसली. गुरुजींनी दोनशे पानी वही, तीन पेनं आणि ताठ पाठ, अशी तयारी केली. चाचांनी डोळे मिटले आणि सात कडवी सांगितली. आठव्याला थांबले. पहिल्यापासून पुन्हा म्हटली, पुन्हा सातव्याशी आले, पुन्हा थांबले. गुरुजींच्या बायकोनं, अंजलीनं, चहा आणून दिला. चहानं काही झालं नाही. पान लावून दिलं. पानानं तोंड भरलं, त्यामुळं सातही बंद झाली.

गुरुजींची आई भागुबाई उंबऱ्याशी भुईमुगाच्या शेंगा फोडत हे बघत होती. पंचमीच्या नागाशी तिचा काही संबंध नव्हता. छप्पन सालच्या बौद्ध दीक्षेनंतर घरातून नाग गेला तो गेला. बांगड्यांशी मात्र तिचा संबंध तुटला नव्हता.

"तुमचा कागदांचा खेळ हुईस्तवर माजा हात तरी भरा, दस्तगीरभाई," ती म्हणाली. "पंचमीला समद्या बाया नवं भरनार, आन म्या काय ह्याच घालून हिंडू?"

चाचांना काहीतरी करायला मिळालं म्हणून बरं वाटलं. पेटी उघडली. भागुबाईचा हात घेतला, अंगठा आत दुमडला, नजर खाली गेली. आणि तोंडातून सरळ, न अडखळता, एक कडवं बाहेर पडलं. सातांतलं नव्हे. नवंच.

गुरुजी आधी नुसते बघत राहिले. मग पेनाकडं झेपावले. तिन्ही पेनं नेमकी शेंगांच्या टरफलांत गेलेली, म्हणून कोनाड्यातला खडू घेऊन त्यांनी ओसरीच्या फरशीवरच लिहायला सुरुवात केली. दुसरी ओळ निम्मी झाली आणि कडवं थांबलं. भागुबाईनं हात काढून घेतला होता.

"आई, हात काढू नको."

"नाकावर माशी बसलीया."

"बसू दे."

हात परत गेला, आणि कडवं तुटलं होतं तिथूनच पुढं चालू झालं. चाचांनी स्वतःच्या बोटांकडं असं बघितलं, की जणू ती कुणा दुसऱ्याची आहेत आणि त्यांची ओळख आत्ताच झाली आहे.

मग मामला सोपा होता. कसीदा चाचांच्या डोक्यात नव्हता. दोन गावांतल्या बायकांच्या हातांत वाटून ठेवलेला होता. तो गोळा करायचा. पंचमी तोंडावर असल्यानं हात तर काय, आपण होऊन पुढं येत होते. रोज शाळा सुटली की गुरुजी गाडी काढत. चाचा मागं बसत, पण एका अटीवर: गाडी चालू असेपर्यंत गुरुजींनी तोंड उघडायचं नाही. त्या दिवसांत गुरुजी घरी येऊन अंजलीशी एवढं बोलत, की तिनं शेवटी चाचांना अट सैल करायची विनंती केली.

चाचा हात धरत, गुरुजी शेजारी बसून लिहीत, आणि बायका भोवती बसून ऐकत. एका हाताला एक कडवं, तर काहींना दोन. उजव्याला वेगळं, डाव्याला वेगळं. बायकांना पहिल्यांदाच कळत होतं की हे सगळं मिळून एक काव्य आहे. त्यांची आजवर समजूत अशी, की आपल्याला जे म्हणतात ते खास आपलं.

वरकुट्याच्या सिंधुबाईचं तर सगळ्यात लांब. भेंडी आणि मिरचीच्या तोडणीनं हात असा झालेला, की बांगडीलाच भीती वाटावी. "माजं ते लांबडं लिवा," तिनं गुरुजींना बजावलं. "त्यात मधी एकदा यांना दम घ्याया लागतो. भेंडी तोडताना म्या तेच म्हनती. खाज कमी हुती."

"पाठ आहे तुम्हाला?"

तिनं म्हणून दाखवलं. सगळं, दम घेण्यासकट.

शेजारी गावातलीच छबूबाई बसली होती. तिचा चेहरा बदलला. "ते माजं हाय," ती म्हणाली.

"तुजं कसं? माज्या लग्नाआदीपासनं माजं हाय."

"मग ह्यास्नीच इचार की."

दोघींनी चाचांकडं बघितलं. उभ्या आयुष्यात एकाही गिऱ्हाइकाच्या तोंडाकडं न बघितलेला माणूस दोन बायकांच्या नजरेत सापडला. त्यानं पेटीतल्या बांगड्या सारख्या केल्या आणि म्हणाला, "तुमचं हात सारकंच हायेत. काय फरक न्हाय."

हे दोघींनाही आवडलं नाही. छबूबाईनं त्या दिवशी बांगड्या भरल्या, पण फिक्या रंगाच्या.

पंचमी झाली, आणि दुसऱ्या दिवशी गुरुजींनी मोजदाद केली तर कडवी पन्नास भरली. पण पन्नास सुटी कडवी म्हणजे कसीदा नव्हे. क्रम कुणाला माहीत? पहिली सात चाचांची पक्की. पुढचं काही नाही. गुरुजींनी एकेक कडवं एकेका चिठ्ठीवर उतरवलं, चिठ्ठ्या ओसरीवर पसरल्या, वारा होता म्हणून प्रत्येकीवर एकेक शेंग ठेवली, आणि आता हे गणित कोणत्या रीतीनं सोडवावं याचा विचार करत बसले.

"म्हना बगू," भागुबाई आतून म्हणाली.

चाचांनी पहिली सात म्हटली आणि अंदाजानं एक चिठ्ठी उचलून आठवं सुरू केलं.

"न्हाय. त्याच्या आदी ते भुंग्यावानी नाकातनं म्हनत्यात ते."

"आई, तुला काय माहीत?"

"तीस वर्सं भिंतीला भिंत हाय. दर ईदंला हे घरात बसून वही धरून म्हनायचं, आन म्या हिकडं भाकऱ्या थापायची. पाचवी भाकरी हुईस्तवर ते भुंग्याचं यायचं."

पुढचे दोन तास भागुबाई पाट मांडून बसली, आणि कोणतं कडवं कितव्या भाकरीला येतं ते सांगत गेली. मध्ये एकदा ती अडली, तर तिनं हातावर हात आपटून मनातल्या मनात एक भाकरी थापली आणि मग सांगितलं. चाचा एकेक कडवं म्हणून बघत आणि मान डोलवत. जुळत होतं. बारामतीच्या मामूचा अरबी कसीदा असा अंथुर्ण्यात भाकरीच्या हिशेबानं लावला गेला, आणि गुरुजींनी तो नव्या वहीत मोत्यासारख्या अक्षरात उतरवला.

राहिलं एक. शेवटचं, एकावन्नावं. त्याशिवाय कसीदा मिटत नाही. म्हणणारा माणूस सभेतून उठूच शकत नाही.

"ते कुठल्या हाताचं?" गुरुजींनी विचारलं.

चाचांनी पेटीचं झाकण लावलं. "ते नवरीचं," ते म्हणाले. "चुडा भरताना म्हनतो. एरवी न्हाय."

गुरुजींनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघितलं. श्रावण लागलेला. पंचक्रोशीत तुळशीच्या लग्नापर्यंत एकही लग्न नव्हतं. ईद आठवड्यावर.

अंजली हात पुसत बाहेर आली. ती वरकुट्याची, तिचा चुडा चाचांनीच भरलेला. "मला भरा की," ती म्हणाली. "हिरव्या आहेत ना पेटीत?"

चाचांनी हिरव्या बांगड्या काढल्या. तिचा हात घेतला, अंगठा दुमडला. पहिली बांगडी गेली. दुसरी गेली. ओठ हलले, पण आलं ते अंजलीचं नेहमीचं कडवं, सव्विसावं. चार बांगड्यांनंतर चाचांनी हात सोडून दिला.

"चुडा येकदाच भरत्यात, पोरी. दुसऱ्यांदा भरली की ती नुसती बांगडी."

नव्या वहीत शेवटचं पान गुरुजींनी कोरं ठेवलं.

बारामतीला मंडळी एसटीनं गेली. चाचांनीच तसं सुचवलं आणि कुणी वाद घातला नाही. मोहल्ल्यात हिरव्या पताका, रोषणाई, पिंपांत सरबत. मांडवाच्या कोपऱ्यात टेपरेकॉर्डर, त्याच्या डोक्यावर कॅसेट, आणि शेजारी हाताची घडी घालून मांडववाला. चाचांनी तिकडं एकदा बघितलं आणि पुन्हा बघितलं नाही. व्यासपीठावर बाहेरगावचे एक मौलवी तक्क्याला टेकून बसले होते. त्यांना अरबी येत होतं, म्हणजे खरोखरीचं, अर्थासकट येत होतं. चाचांनी टोपी दोनदा सारखी केली. त्यांच्या एका अंगाला मौलवी, दुसऱ्या अंगाला वही लिहिणारे म्हणून गुरुजी. वरच्या मजल्यावर बांबूच्या चिकाच्या पडद्यामागं बायका, त्यात भागुबाई आणि अंजली.

चाचांनी सुरुवात केली ती इतकी बारीक, की मांडववाल्यानं ध्वनिक्षेपक तपासला. तिसऱ्या कडव्यापर्यंत आवाज खाली होता. मग उजवा हात आपोआप उचलला गेला आणि बोटं हवेत हळूहळू काहीतरी वर सरकवू लागली. आवाज मोकळा झाला. नाकातलं भुंग्याचं कडवं आलं तेव्हा पडद्यामागून एक समाधानाचा खाकरा ऐकू आला. गुरुजींनी आईला ओळखलं. लांबडं आलं. चाचांनी मध्ये दम घेतला, आणि मोहल्ल्यातले म्हातारे एकमेकांकडं बघून हसले, कारण मामूही नेमका तिथंच दम घ्यायचा. मौलवी तक्क्यावरून उठून ताठ बसले होते. तिसावं, चाळिसावं, पन्नासावं.

गुरुजींनी पान उलटलं. कोरं.

चाचा थांबले. लोकांना वाटलं, दम घेतायत. मग वाटलं, फारच घेतायत. मांडववाल्यानं हाताची घडी सोडली आणि कॅसेट उचलली. गुरुजी पेन उघडून बसले होते, आणि पाटातल्या पाण्यापासूनची सगळी पापं त्यांच्या डोळ्यांपुढं ओळीनं उभी होती.

तेवढ्यात चाचांनी त्यांचा हात धरला. पेनासकट. पेन काढून खाली ठेवलं, अंगठा आत दुमडला, बोटं एकत्र केली, नजर मनगटाशी नेली. भरल्या मांडवात, कुणाला काही कळायच्या आत, त्यांनी न दिसणारी एक बांगडी गुरुजींच्या, कधीच बांगडी न भरलेल्या, हातात चढवायला सुरुवात केली. आणि एकावन्नावं कडवं आलं. ते घाईचं नव्हतंच. नवरीचा हात थंड पडलेला असतो, घाबरलेला असतो, म्हणून ते सगळ्यात हळू. ती बांगडी गाठीवरून पलीकडं जाईपर्यंत गुरुजींची हाडं कळवळली, पण त्यांनी हात हलवला नाही. नाकावर माशी बसली होती, तीही बसू दिली.

कडवं संपलं, तेव्हा मांडववाला हातातली कॅसेट कुठं ठेवावी ते शोधत होता.

मौलवींनी चाचांना जवळ घेतलं. "दोन-चार उच्चार सुधारून देतो," ते म्हणाले, "चाल कुणालाही सुधारू देऊ नका. शेवटचं पुन्हा म्हणा." चाचांनी पुन्हा गुरुजींचा हात धरला आणि पुन्हा म्हटलं. या वेळी ते लिहून घ्यायचंच असं ठरवून गुरुजींनी पेन डाव्या हातात घेतलं. म्हणून त्या वहीत पन्नास कडवी मोत्यासारखी आहेत आणि एकावन्नावं पहिलीतल्या पोरानं लिहिल्यासारखं. मोहल्ल्यातल्या जाणत्यांनी पुढच्या वर्षाचं आमंत्रण तिथंच दिलं, आणि चाचा चक्क लगेच हो म्हणाले.

परतताना एसटी स्टँडवर गाडीला वेळ होता. भागुबाई आणि अंजली बाकावर जागा धरून बसल्या होत्या. चाचा टपरीपाशी बशीतून चहा पीत होते. गुरुजी सुजलेलं मनगट चोळत शेजारी उभे राहिले. त्यांचं मन भरून आलं होतं. वहीची चूक चाचांनी कशी माफ केली, भर सभेत कसा हात हातात घेतला, हे सगळं त्यांनी मनाशी चारदा घोळवलं होतं, आणि आता ते चाचांच्या तोंडून ऐकायचं राहिलं होतं.

"चाचा," ते म्हणाले, "मांडवात एवढी तुमची माणसं होती. शेजारी तर साक्षात मौलवी बसले होते. तरी ऐन वेळेला तुम्ही माझाच हात धरलात. का हो?"

चाचांनी उरलेला चहा संपवला आणि बशी कपाखाली ठेवली.

"तेवढाच येक बिनकामाचा दिसला."